धुऱ्यावरच्या झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी



तूर घरात आली. हरभऱ्याचे घाटे भरत आले, काही ठिकाणी तर सोंगणीही सुरू झाली. गहू ओंबीवर आहे. माघ सरत आला की आपल्या वाशीम जिल्ह्यात शेतकऱ्याच्या हाताला जरा उसंत मिळते, आणि उसंत मिळाली की त्याची नजर धुऱ्याकडे जाते. बाभूळ फार पसरली, तिच्या सावलीत दोन तास वाढत नाहीत, सोंगणीचे यंत्र वळवायला जागा पुरत नाही, शिवाय चुलीला जळतण हवेच. मग कुऱ्हाड बाहेर निघते. कुऱ्हाड नसली तर आगपेटी निघते आणि धुऱ्यावरचे वाळलेले गवत पेटवून दिले जाते.

या पानावर मी एरवी बियाणे, खत आणि किडी यांच्याविषयी लिहितो. आज मात्र तुम्हाला मान वर करून पाहायला सांगणार आहे. कारण याच माघ-फाल्गुनात आपल्या धुऱ्यावरच्या, माळावरच्या आणि नाल्याकाठच्या झाडांच्या शेंड्यांवर गरुडांचे संसार मांडलेले असतात.

"गरुड? अन् आमच्या वावरात?" असे तुम्ही म्हणाल. आपल्याला गरुड ठाऊक आहे तो देवळातला, विष्णूपुढे हात जोडून बसलेला. आकाशात फिरणारे जे काही मोठे दिसते ते सारे आपल्या लेखी घार. पण आपल्या भागासारखी कोरडी माळराने, मधूनमधून बाभळी-हिवराची झाडे आणि पलीकडे टेकड्या, हीच तर कितीतरी गरुडांच्या आवडीची वस्ती. त्यांत तपकिरी अंगाचा, मेलेल्या जनावरावरही बसणारा गरुड आहे. टेकडीच्या बाजूला राहणारी, ससा-तितरावर झडप घालणारी मोरघार आहे. आणि ज्याच्याशी शेतकऱ्याची सर्वांत जास्त गाठ पडते तो सापमार गरुड आहे. आज मी मुख्यत्वे त्याच्याविषयीच सांगणार आहे.

आधी ओळख करून घेऊ. सापमार गरुड घारीपेक्षा बराच मोठा. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेपाच ते सहा फूट भरतात. घारीची शेपटी मधोमध खाचलेली असते, याची सरळ कापल्यासारखी आणि तिच्यावर तीन-चार गडद पट्टे. खालून पाहिले तर अंग पांढुरके दिसते आणि डोके, गळा व छाती बहुधा तपकिरी, जणू पांढऱ्या अंगरख्यावर तपकिरी उपरणे घेतले आहे. डोके मोठे आणि गोल, घुबडासारखे. डोळे पिवळे. पायांवर पिसे नाहीत, नुसते खरखरीत खवले. आणि सर्वांत सोपी खूण म्हणजे एवढा मोठा पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, पंख हलवीत एकाच जागी आकाशात थांबून राहतो. घार असे थांबत नाही. दुपारी दहा-अकराच्या सुमारास एखादा मोठा पक्षी माळावर टांगल्यासारखा दिसला, तर तो बहुतेक हाच.

तो तिथे थांबून साप शोधत असतो. दिसला की टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि शेवटी पाय पुढे करून झडप घालतो. याला विष चढत नाही असे गावोगाव सांगतात. ते खरे नव्हे. नाग नीट डसला तर गरुडही वाचत नाही. त्याला वाचवते ती त्याची चपळाई, पायावरचे जाड खवले आणि अंगावरच्या पिसांचा दाट थर. साप धरला की तो त्याचे डोके चिरडतो आणि डोक्याकडून गिळायला लागतो. घरट्यात पिल्लू असेल तर मोठी गंमत पाहायला मिळते. बाप साप पुरता गिळत नाही. शेपटीचे टोक चोचीबाहेर लोंबत ठेवून उडत येतो, आणि पिल्लू ते टोक धरून ओढू लागते, बाजेची सुंभाची दोरी ओढावी तसे. कधी कधी हात-दीड हात साप बापाच्या पोटातून बाहेर येईपर्यंत पिल्लाची मान दुखून येत असेल!

आता घरट्याकडे वळू. धुऱ्यावरच्या झाडात काटक्यांचा ढीग दिसला म्हणजे तो गरुडाचाच असे नाही. कावळ्याचे घरटे लहान, फांदीच्या बेचक्यात, आणि त्याला अजून अवकाश आहे. तो उन्हाळ्यात बांधतो. घारीचे घरटे गावाजवळच्या कडुनिंबावर, चिंचेवर किंवा पिंपळावर, चिंध्या, सुतळी आणि प्लास्टिकने भरलेले. सापमाराचे घरटे वस्तीपासून दूर, मोकळ्या रानातल्या एकट्या-दुकट्या झाडावर आणि अगदी शेंड्यावर. झाड फार उंच लागते असेही नाही, दोन-तीन पुरुष उंचीचा हिवर किंवा बाभूळ त्याला पुरते. वरून पाहता आले तर घरटे परातीसारखे पसरट दिसेल. पण वर चढायचे नाही. खालून दोन खुणा पाहाव्यात. काटक्यांच्या कडेला हिरवी ताजी पाने दिसली, तर घरटे वापरात आहे असे समजावे. ही मंडळी घरट्यात हिरवा पाला आणून टाकतात. दुसरी खूण म्हणजे झाडाखाली चुन्यासारखे पांढरे शिंतोडे. दोन्ही खुणा असल्या तर कुऱ्हाड परत घरी न्यावी.

किती दिवसांसाठी? हा प्रश्न मला हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. शेतकऱ्याला तारीख सांगितली तर तो थांबतो. नुसते "पक्षी वाचवा" म्हटले तर मान डोलावतो आणि आपले काम करतो. म्हणून हिशेब मांडून सांगतो. आपल्याकडे सापमार गरुडाच्या विणीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. मादी एकच अंडे घालते. ते उबायला पंचेचाळीस ते सत्तेचाळीस दिवस लागतात. बाहेर आलेले पिल्लू सुमारे दहा आठवडे घरट्यात राहते. म्हणजे अंडे पौषात पडले तर पिल्लू फाल्गुनात बाहेर येणार आणि उडणार वैशाखात. अंड्यापासून उडण्यापर्यंत जवळजवळ चार महिने. आपले सोयाबीनसुद्धा एवढ्या दिवसांत पेरून, सोंगून घरी येते! कोंबडी एका खुडुकीत दहा-बारा पिल्ले काढते, याचे वर्षाचे पीक एक पिल्लू. तेही पिल्लू फाल्गुनात झाड पडून मेले, तर दुबार पेरणीला हंगाम उरत नाही. ती जोडी त्या वर्षापुरती निर्वंश.

झाड पडायलाच हवे असेही नाही. फाल्गुनातले ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पिल्लाच्या अंगावर तेव्हा नुसती पांढरी लव असते. दुपारी आई पंख पसरून त्याच्यावर सावली धरून उभी राहते. झाडाखाली तासभर माणसे बसली, पोरांनी दगड मारले, किंवा कोणी मोबाइलवर चित्र काढायला वर चढले, तर आई दूर जाऊन घिरट्या घालते आणि पिल्लू उघड्या उन्हात भाजून निघते. कोणी त्याला हात लावलेला नसतो, तरी ते मरते.

आता एक शंका. ती मला एका वयस्क शेतकऱ्याने भर सभेत विचारली होती, आणि सभेत हशा पिकला तरी शंका पक्की होती. "साहेब, तुम्हीच सांगता धामण मारू नका, ते उंदीर खाते. अन् हा गरुड तं धामणच खाते. मंग आमचा मित्र कोन?" खरे आहे. सापमार गरुड धामणही खातो. सरडे खातो, उंदीर मिळाला तर उंदीरही खातो. आमच्या खात्याच्या पत्रकांतून पक्ष्यांची मित्र आणि शत्रू अशी वाटणी करण्याची जुनी पद्धत आहे. मला ती कधीच फारशी पटली नाही. एका जोडीला पोट भरायला एका गावाचे शिवारही पुरत नाही, इतके मोठे रान लागते. तिच्यामुळे शिवारातल्या धामणी संपत नाहीत. धामणी संपतात त्या आपल्या काठीने. उलट जिथे गरुड नांदतो तिथे त्याच्या खालचे सारे, म्हणजे साप, सरडे, उंदीर, बेडूक आणि गवत, शाबूत आहे असे समजावे. शेतात गांडूळ दिसले की आपण जमीन जिवंत आहे म्हणतो, तसेच हे.

मानोरा तालुक्यातल्या एका गावची हकिगत सांगतो. दोघा भावांच्या वावरांमध्ये धुरा, धुऱ्यावर जुना हिवर. लाकूडवाल्याने विसार दिलेला. वावरात हरभरा सोंगणीला आलेला, पण बाया त्या बाजूला सोंगायला जाईनात. कारण काय, तर एक मोठा पक्षी दिवसातून एक-दोनदा साप घेऊन त्या झाडावर उतरतो आणि तो साप खाली पडला तर? ही भीती काही वेडगळ नव्हे. वाकून सोंगणाऱ्या बाईच्या पाठीवर साप पडणे म्हणजे काय, याची नुसती कल्पना करून पाहा. धाकट्या भावाने ठरवले की झाड आजच पाडावे, म्हणजे सोंगणीही होईल आणि विसारही पुरा होईल. मी हरभऱ्याच्या पाहणीसाठी गेलो होतो, तेव्हा मलाही त्या वादात ओढले गेले.

आम्ही दूर, नाल्याच्या दरडीवर बसलो. तासाभराने नर आला. चोचीतून शेपटी लोंबत होती. सापाचे तोंड बाहेर असेल तर तो डसेल, पण हा तर आधीच मेलेला आणि पोटात गेलेला, हे बायांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. मग थोरल्या घरची सून म्हणाली, "पिल्लू हाये ना आत? मंग राहू द्या. लेकरावाल्या घरावर कुऱ्हाड नाई घालत." धाकट्याने कुरकुर केली, पण ऐकले. ठरले असे की वावराची लांबची बाजू आधी सोंगायची आणि झाडाजवळचे तास एकाच सकाळी, उजाडल्याबरोबर सात-आठ जणींनी मिळून उरकून घ्यायचे. ऊन चढायच्या आत सगळ्या बाजूला. तसेच झाले. लाकूडवाल्याला वैशाखाअखेरची मुदत दिली. त्याने विसारातले थोडे पैसे कमी केले. ते दोघा भावांनी निम्मे निम्मे सोसले.

पिल्लू उडाले. झाड मात्र ज्येष्ठात तुटलेच. पुढच्या वर्षी तीच असावी अशी एक जोडी नाल्यापलीकडच्या इ-क्लास जमिनीवरच्या हिवरावर दिसली. आता ते झाड कोणाच्याच मालकीचे नाही, म्हणजे सगळ्यांच्याच कुऱ्हाडीचे आहे. तिथे विसार परत करायला कोणी भाऊ नाही. म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य हे पान वाचत असतील तर त्यांना सांगणे आहे. इ-क्लासवरची, गायरानातली अशी दोन-चार जुनी झाडे ग्रामसभेत नावानिशी नोंदवून राखा. काही खर्च येत नाही.

कायद्याचेही एका वाक्यात सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गरुडाला मारणे, त्याचे अंडे फोडणे आणि घरटे मोडणे हा गुन्हा आहे, मग झाड तुमच्या सातबाऱ्यावर असले तरी.

गरुडाइतका दिमाख नसलेले, पण शेतकऱ्याच्या रोजच्या कामाचे दोन शिकारी याच दिवसांत पाहून ठेवावेत. एक कापशी. कावळ्याहून थोडी लहान, वरून राखी, खालून कापसासारखी पांढरी, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. तीही हवेत पंख फडफडवीत एका जागी थांबते आणि सरळ खाली सुटते. तिचे मुख्य अन्न उंदीर. तिचे घरटेही बाभळीसारख्या काटेरी झाडावर असते, लहान आणि विरविरीत. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या वावरावर कापशी रोज घिरट्या घालू लागली तर बांधाने फिरून बिळे पाहा. तिला तुमच्याआधी उंदरांचा पत्ता लागलेला असतो.

दुसरे गव्हाणी घुबड. नावातच गव्हाण आहे, इतके ते आपल्या घरचे. पांढरे, बदामाच्या आकाराचे तोंड. जुना वाडा, देवळाचे शिखर, पडकी विहीर, कोठ्याचा माळा अशा ठिकाणी राहते. रात्री त्याची चिरकी हाक ऐकली की आपल्याकडे लगेच अशुभ म्हणतात आणि सकाळी पोरे दगड घेऊन निघतात. त्या पोरांना एक काम द्या. घुबड जिथे बसते त्याच्या खाली अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेले असतात. ती विष्ठा नव्हे. न पचलेली हाडे आणि केस घुबड तोंडावाटे टाकते. तो गोळा पाण्यात भिजवून काडीने सोडवा. आत उंदरांच्या कवट्या, जबडे आणि पिवळे दात निघतील. कवट्या मोजा. चौथी-पाचवीतले पोर हे एकदा करून बसले की मग घुबडाला दगड मारत नाही, आणि आजीलाही अशुभ म्हणू देत नाही.

उंदरांवर विष घालताना याच दोघांचा विचार करावा. झिंक फॉस्फाइडचे आमिष बिळाच्या आत घालून बीळ बुजवावे, उघड्यावर टाकू नये. ब्रोमॅडिओलोनचा अंश उंदराच्या शरीरात राहतो. तो उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरतो आणि असा सावकाश चालणारा उंदीर कापशीला, घुबडाला आयताच सापडतो. विष त्याच्या पोटातून यांच्या पोटात जाते. म्हणून सकाळी वावरात फेरी मारून मेलेले उंदीर गोळा करावेत आणि खोल पुरावेत. कुत्र्या-मांजरांसाठीही हे बरेच.

पक्षिथांब्यांविषयी मी पूर्वी लिहिले आहेच. हरभऱ्यात पिकापेक्षा हात-दीड हात उंच अशा तुराट्या किंवा काठ्या, आडवी काडी बांधून, एकरी दहा-पंधरा रोवल्या की दिवसा कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून घाटेअळी वेचतात. रात्री त्याच काठीवर पिंगळा बसतो. हरभरा निघाला तरी काठ्या उपटायची घाई करू नका. शेजारी गहू उभा असेल, उंदीर तिकडे सरकलेले असतात.

या दिवसांत पळस फुलतो हे सांगायला नको. एक दिवस सकाळी सात वाजता फुललेल्या पळसाखाली नुसते पंधरा मिनिटे उभे राहा. शिंजीर, कोतवाल, साळुंक्या यांची त्या मधासाठी भांडणे चाललेली असतात. त्यात गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा उतरला तर पळसाचा रंग कोणता आणि पक्ष्याचा कोणता ते कळत नाही. भोरड्या ज्वारीवर पडतात म्हणून आपण त्यांना शिव्या देतो, आणि त्या खऱ्या आहेत. पण नाकतोडे-टोळही त्या तितक्याच हावरेपणाने खातात. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे परत निघतात. गावात कडुनिंबावर तांबटाने ठोक्याची एकसारखी "टुक टुक" सुरू केली असेल. टिटवी नांगरलेल्या रानात अंडी घालायच्या तयारीला लागेल. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, हे आपले जुने अनुमान. मी त्याच्या भरवशावर पेरणी करा असे कधी सांगणार नाही. पण वखर चालवताना टिटवी पायाशी येऊन ओरडू लागली तर दोन पावले थांबा. चार अंडी मातीच्या रंगाची असतात, बैल वरून निघून जातात आणि आपल्याला कळतही नाही.

गवत पेटवण्याविषयी मात्र मी कडकच बोलणार. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतो. सडपातळ, लांब पंखांचा, पिकावरून आणि गवतावरून हात-दोन हात उंचीने तरंगत जाणारा. काही भोवत्ये थेट कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून आलेले असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. दिवसभर नाकतोडे आणि उंदीर खाऊन हे पक्षी रात्री झोपतात ते झाडावर नव्हे, तर जमिनीवर, उंच गवतात, पुष्कळ जण एकत्र. संध्याकाळी वारा पडला म्हणून आपण आग लावतो, तेव्हा ते नुकतेच टेकलेले असतात. तितर आणि लावे यांच्याही जागा त्याच गवतात. आणि धुऱ्यावर ठेंगण्या बाभळीत घरटे असेल तर धूर आणि झळ थेट तिथे पोहोचते. गवत कापून जनावरांना घाला, नाहीतर कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. पेटवून जमिनीला राखेशिवाय काही मिळत नाही, आणि ती राखही पहिल्या वाऱ्याने शेजाऱ्याच्या वावरात जाते.

गवती रान म्हणजे पडीक रान, ही समजूत आपल्या मनातून निघत नाही. आपल्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे अभयारण्य आहे. २००० साली ते काळविटांसाठी जाहीर झाले. अठरा चौरस किलोमीटरांच्या आसपास त्याचे क्षेत्र. तिथे घनदाट जंगल पाहायला जाल तर निराश व्हाल. तिथे गवत आहे, आणि गवत आहे म्हणूनच काळवीट आहे. कारंजाची संवेदना ही संस्था अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाच्या बरोबरीने गवताळ राने राखते आहे. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून ज्यांनी पाखरे धरली, त्यांनाच तणमोर कुठे उतरतो आणि कोणत्या गवतात अंडी घालतो ते ठाऊक. त्या ज्ञानाचा असा उपयोग होतो आहे ही मला मोठी गोष्ट वाटते. आपण शिकलेल्या लोकांनी त्यांच्याकडून पाखरे शिकायला हवीत.

गोठ्यातल्या औषधांचाही गरुडाशी संबंध येतो. गिधाडे आपल्या आकाशातून का गेली ते आता सर्वांना माहीत आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकचा अंश मेलेल्या ढोराच्या मांसात राहिला, ते खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले. २००६ साली या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. पण हे औषध फक्त गिधाडांनाच मारते असे नाही. राजस्थानात मेलेल्या दोन गरुडांच्या शरीरातही त्याचे अंश सापडले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आपला तपकिरी गरुडही मेल्या जनावरावर बसतो. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावरही २०२३ साली जनावरांसाठी बंदी आली. बैलाच्या सुजेवर, तापावर मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध आहे. मेडिकलमधून माणसाचे इंजेक्शन आणून गोठ्यात टोचण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे पुन्हा लिहावे लागते.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात २०२० पासून पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनाची आणि १२ तारीख डॉ. सालिम अली यांच्या. दोघेही त्या मानाला पात्र. पण नोव्हेंबरात शेतकरी कापूस वेचणीत आणि रब्बीच्या पेरणीत गळ्यापर्यंत बुडालेला असतो. माझ्या मते शेतकऱ्याचा पक्षिसप्ताह माघ-फाल्गुनातच हवा.

तो पाळायचा कसा? फार काही लागत नाही. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला जुनी वही द्या. आठवड्यातून एकदा, सकाळी दहाच्या आत, घरट्याच्या झाडापासून निदान दोनशे पावले दूर, आडोशाला बसायचे. अर्धा तास बसून उठायचे. वहीत तारीख, वेळ, पक्षी आला की नाही, काय आणले, पिल्लू दिसले का, एवढेच लिहायचे. बोट दाखवायचे नाही, ओरडायचे नाही. पक्षी झाडावरून उठून डोक्यावर घिरट्या घालू लागला तर आपण फार जवळ आहोत, लगेच मागे सरायचे. घरट्याचा ठावठिकाणा मोबाइलवर गावभर पाठवायचा नाही. पाहणारे दोन असतात आणि चढणारे वीस येतात. वैशाखात वही पुरी होईल तेव्हा त्या झाडावर काय घडले हे तालुक्यात फक्त त्या मुलाला माहीत असेल.

शेवटी एक नेहमीची अडचण. फाल्गुन-चैत्रात वावटळी सुटतात आणि कधी पिल्लू घरट्यातून खाली पडते. ते सापडले तर दूध पाजू नका, भाकरी कालवून भरवू नका, चोचीत पाणी ओतू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरते. नखे फार तीक्ष्ण असतात, म्हणून जाड गोणपाट टाकून उचला. टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वर कापड झाका, कुत्र्यांपासून दूर, सावलीत आणि शांत जागी. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फोनवर गावाचे नाव, शेताचा गट क्रमांक आणि झाड कोणते ते सांगा, म्हणजे वनरक्षकाला तेच घरटे लवकर सापडते आणि पिल्लू धडधाकट असेल तर परत ठेवता येते.